औषधाच्या गोळीने कान वाजतात तेव्हा मेंदूत काय होतं? उंदरांवरच्या प्रयोगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं मेडिकल आहे. गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, मुलांच्या नोकरीमुळे एकटे राहणारे म्हातारे. "कान वाजतोय, ड्रॉप द्या," असं म्हणत आठवड्यातून दोघं-तिघं तरी येतात. ड्रॉपने हे जात नाही. मग का नाही, हे सांगत बसावं लागतं, आणि सांगता सांगता गोष्ट पांढऱ्या उंदरांपर्यंत जाते. बी. फार्म.ला असताना या विषयाने मला धरलं ते आजवर सोडलेलं नाही. त्यामागे घरचं कारण आहे, ते पुढे येईल. काउंटरवर विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे सवडीने लिहिली आहेत.

कान वाजणं म्हणजे नक्की काय? आवाज खरा असतो की भास?

बाहेर आवाज नसताना तो ऐकू येणं म्हणजे कान वाजणं. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची वाफ. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. आपल्याकडे सुश्रुताने कानाच्या रोगांत कर्णनाद वेगळा मोजला आहे, म्हणजे तक्रार काही आजची नाही.

बाहेर आवाज नसतो, पण मेंदूतल्या पेशींची हालचाल खरी असते. म्हणून मी त्याला भास म्हणत नाही. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे वाक्य ऐकून रडवेल्या झालेल्या बायका मी दुकानात पाहिल्या आहेत. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: माणसं बोलत असल्याचं ऐकू येणं हा प्रकार वेगळा आहे, आणि तो डॉक्टरांना वेगळा सांगायचा.

कोणत्या औषधांनी कान वाजतात?

यात दोन जाती आहेत. काही औषधांचा परिणाम उतरतो: मोठ्या मात्रेतलं अॅस्पिरिन, मलेरियाचं क्विनीन, लघवी होण्यासाठी शिरेतून दिलं जाणारं फ्युरोसेमाइड. काहींचा परिणाम मागे ठाण मांडून बसतो: कॅन्सरचं सिस्प्लॅटिन आणि अमिकासिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन या घराण्यातली इंजेक्शनं. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त वापर झाला तो पहिल्या जातीतल्या सॅलिसिलेटचा. अॅस्पिरिन पोटात गेल्यावर शरीर त्याचं सॅलिसिलेटच करतं.

मी रोज रक्त पातळ राहायची ७५ ची गोळी घेतो. बंद करू का?

नाही. हृदयासाठी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं. अॅस्पिरिनने कान वाजण्याची मात्रा साधारणपणे दिवसाला काही ग्रॅम असते. ७५ मिलिग्रॅम त्याच्या आसपासही नाही. कान वाजत असतील तर कारण बहुधा दुसरीकडे आहे. ते शोधायला नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जा, पण गोळी चालू ठेवून.

मग अॅस्पिरिन आणि कान हे नातं कळलं कसं?

माणसांवरूनच. आता घरची गोष्ट सांगतो. माझी आई विड्या वळायची. मी शाळेत असताना तिला आमवात झाला, बोटं सुजून विडी वळता येईना. त्या काळी आमवातावर अॅस्पिरिनच भरपूर देत. डॉक्टरांनी गोळ्या वाढवत नेल्या आणि सांगितलं, "कान वाजायला लागले की लगेच येऊन सांगा." एका रात्री आई म्हणाली, "अरे, कानात रातकिडे बसलेत." डॉक्टरांनी मात्रा थोडी उतरवली. तीन-चार दिवसांत रातकिडे गेले, बोटंही बरीच वळायला लागली.

डॉक्टर जुन्या पद्धतीनेच चालले होते. रक्तातलं सॅलिसिलेट पुरेशा पातळीला पोहोचलं की कान वाजतात, म्हणून कान वाजणं हीच मात्रेची खूण धरत. आईच्या कानातला तो आवाज आला कुठून आणि गेला कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. संशोधकांनाही सॅलिसिलेट आवडतं ते याच कारणाने. हवं तेव्हा आवाज सुरू करता येतो, आणि औषध उतरलं की तो जातो.

उंदराचे कान वाजतात हे माणसाला कसं कळणार? तो सांगतो थोडाच!

माझा हा सर्वांत आवडता प्रश्न.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये लाईट जाते तेव्हाचा क्षण आठवा. सगळे माग एकदम थांबतात. ती शांतता हीच एक खूण असते: कुणी तंबाखू काढतो, कुणी चहाला बाहेर पडतो. आता समजा एखाद्याच्या कानातच माग चालू आहे. त्याला ती शांतता तितकी ठळक कळणार नाही.

पॉवेल जॅस्ट्रेबॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात नेमकं हेच उंदरांकडून वदवून घेतलं. त्यांचा लेख १९८८ चा आहे. तहानलेले उंदीर नळीतून पाणी चाटत होते, मागे एकसारखा खरखरीचा आवाज चालू होता. मधूनच तो आवाज बंद व्हायचा आणि त्या शांततेच्या शेवटी पायाला हलका विजेचा झटका बसायचा. उंदीर शिकले: शांतता झाली की धोका, पाणी सोडायचं. मग झटके बंद केले आणि ही सवय किती दिवसांत सुटते ते मोजलं. शिकवून झाल्यावर ज्यांना सॅलिसिलेट दिलं, ते उंदीर शांततेतही पाणी पीत राहिले. त्यांच्यापुरती शांतता झालेलीच नव्हती.

पण औषधाने तहान वाढली असेल, किंवा कमी ऐकू येत असेल. कान वाजल्याचा पुरावा कुठे आहे?

ही शंका त्या संशोधकांनाही होती, आणि त्यांनी काढलेला तोड पाहून मी आजही थक्क होतो. उंदरांच्या दुसऱ्या गटाला त्यांनी शिकवण्याच्या आधीपासूनच सॅलिसिलेट दिलं. म्हणजे बाहेरचा आवाज थांबला की या उंदरांना कानातली शिट्टी ऐकू येणार आणि झटक्याशी नातं जुळणार ते त्या शिट्टीचं. पुढे झटके बंद झाल्यावर हे उंदीर उलट वागले. साध्या उंदरांपेक्षाही जास्त दिवस ते पाण्यापासून दूर राहिले, कारण धोक्याची शिट्टी चालूच होती.

औषध तेच, मात्रा तीच, फक्त देण्याची वेळ बदलली आणि वागणं उलटं झालं. तहान किंवा बहिरेपणा कारण असता तर दोन्ही वेळी परिणाम एकाच दिशेने गेला असता.

सॅलिसिलेट कानात नेमकं काय करतं?

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा अवयव असतो, कॉक्लिया. त्यात केसपेशी असतात. माणसाच्या एका कानात आतल्या ओळीत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या ओळींत सुमारे १२,०००. मेंदूला निरोप पाठवतात त्या मुख्यतः आतल्या. बाहेरच्या पेशी आवाजाबरोबर स्वतः लांब-आखूड होऊन बारीक आवाज वाढवून देतात. हे काम प्रेस्टिन नावाचं प्रथिन करतं, ते २००० साली ओळखलं गेलं. प्रेस्टिनला क्लोराइड लागतो आणि सॅलिसिलेट नेमकी त्याची जागा अडवतं. पेशी मरत नाहीत, नुसत्या सुस्तावतात. औषध उतरलं की त्या पुन्हा कामाला लागतात.

म्हणजे कानातून निरोप कमी जातो. मग आवाज जास्त का ऐकू येतो?

मोठं कोडं हेच आहे, आणि मेंदू इथेच समोर येतो.

पुन्हा शेडमध्ये चला. लाईट गेल्यावर माग थांबतात, पण माणसं दोन-दोन मिनिटं ओरडूनच बोलत राहतात. गोंगाटात बोलायची सवय झालेला गळा लगेच खाली येत नाही. मेंदूतल्या श्रवणाच्या वाटेवर असंच काहीसं, फक्त उलट्या दिशेने होतं. कानातून येणारा निरोप क्षीण झाला की पुढचा प्रत्येक टप्पा तो वाढवून घ्यायला लागतो. अमेरिकेतल्या बफेलो इथल्या रिचर्ड साल्वी यांच्या गटाने सॅलिसिलेट दिलेल्या उंदरांत हे टप्प्याटप्प्याने मोजलं. कॉक्लियातून निघणारा प्रतिसाद घटलेला, मधल्या मेंदूत तूट बरीच भरून निघालेली, आणि मोठ्या आवाजाला श्रवण कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरातल्या ऐकण्याच्या भागाचा, प्रतिसाद नेहमीपेक्षाही मोठा. हेच उंदीर मोठ्या आवाजाला जास्त दचकतात. कान वाजणाऱ्या पुष्कळांना भांड्यांचा आवाज सहन होत नाही, ते आठवा.

शिवाय सॅलिसिलेट रक्तातून मेंदूतही शिरतं. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना आवर घालतं, मागाच्या ब्रेकसारखं. उंदराच्या श्रवण कॉर्टेक्सचा ताजा काप घेऊन त्यावर थेट सॅलिसिलेट सोडलं, तेव्हा हा आवर कमी पडलेला दिसला. तिथे कानाचा संबंधच नव्हता. म्हणजे एकीकडून निरोप घटतो आणि दुसरीकडून आवर सुटतो.

मग पेशी सतत जास्त धडधडतात, तोच आवाज का?

इतकं सरळ असतं तर कोडं कधीच सुटलं असतं. मधल्या मेंदूत इन्फिरिअर कॉलिक्युलस नावाचं ठाणं आहे. सॅलिसिलेटनंतर तिथल्या पेशी आवाज नसतानाही जास्त चेततात, असं गिनीपिग आणि उंदीर दोघांत दिसलं. पण २००७ मध्ये जाग्या उंदरांच्या श्रवण कॉर्टेक्सची नोंद घेतली, तर तिथली शांततेतली हालचाल चक्क घटलेली होती. वाढला होता तो बाहेरच्या आवाजाला दिलेला प्रतिसाद. 'मेंदू जास्त पेटतो म्हणून कान वाजतात' हे वाक्य मी काउंटरवर वापरत नाही ते म्हणूनच. कुठल्या ठाण्याची गोष्ट आहे आणि जनावर जागं होतं की भुलीखाली, हे आधी विचारावं लागतं.

बहुतेकांना बारीक शिट्टीच का ऐकू येते? ढोलाचा आवाज का नाही?

श्रवण कॉर्टेक्समध्ये सुरांची जागा ठरलेली असते, पेटीच्या पट्ट्यांसारखी ओळीने. २०११ मधल्या एका प्रयोगात सॅलिसिलेटनंतर ही वाटणी सरकलेली दिसली. खालच्या आणि फार वरच्या सुरांना उत्तर देणाऱ्या बऱ्याच पेशी १० ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळल्या होत्या. वागणुकीच्या चाचण्यांतही उंदराच्या कानातला आवाज साधारण याच भागात सापडतो. उंदराला ७० किलोहर्ट्झच्याही पुढचं ऐकू येतं, तेव्हा त्याच्या दृष्टीने हा मधला सूर. माणसाला मात्र तो फार बारीक वाटेल. सूर जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, पण जास्त पेशी एकाच पट्ट्यावर जमल्या तर तिथला आवाज उठून यावा, हे पटण्यासारखं आहे.

कान वाजायला लागले की जीव घाबरा होतो. त्याचा मेंदूशी संबंध आहे का?

आहे, आणि तो प्रयोगांतून आलेला आहे. जर्मनीत जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदरांना सॅलिसिलेट देऊन कुठल्या पेशी नुकत्याच जाग्या झाल्या याच्या खुणा शोधल्या गेल्या. श्रवण कॉर्टेक्समध्ये त्या मिळाल्याच, पण अमिग्डालातही मिळाल्या. अमिग्डाला हे भीतीचं आणि सावधपणाचं ठाणं. पुढे २०१५ मध्ये उंदरांचे मेंदू एमआरआयने पाहिले, तेव्हा सॅलिसिलेटनंतर श्रवणाच्या जागा आणि अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस (आठवणींचं ठाणं), जागेपणा राखणारे भाग, इतकंच नव्हे तर छोटा मेंदू, यांच्यातला ताळमेळ वाढलेला दिसला.

म्हणून एखादी अक्का सांगते, "आवाज एवढासा आहे हो, पण झोप उडालीय," तेव्हा मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. आवाजाची तार भीतीच्या ठाण्याला जोडली गेली की लहान आवाजही मोठा होतो.

शेवटी दोष कानाचा की मेंदूचा?

फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या गटाने २००३ मध्ये कानाच्या बाजूने भक्कम पुरावा दिला. आवाज झाला की खांबावर चढायचं, असं त्यांनी उंदरांना शिकवलं होतं. सॅलिसिलेट दिल्यावर उंदीर आवाज नसतानाही चढू लागले. मग कॉक्लियातले एनएमडीए नावाचे ग्राहक, म्हणजे रासायनिक निरोप टिपणाऱ्या पेशींवरच्या जागा, तिथल्या तिथे औषधाने बंद केले, आणि हे उगाच चढणं थांबलं.

माझं मत असं की सॅलिसिलेटच्या बाबतीत ठिणगी कानात पडते आणि वणवा मेंदूत पेटतो. नुसत्या कानाकडे पाहणारा आणि नुसत्या मेंदूकडे पाहणारा, दोघांचंही चित्र अर्धं राहतं.

प्रयोगात उंदरांना अफाट मात्रा देतात. ते आपल्याला कसं लागू?

उंदराला वजनाच्या दर किलोमागे १५० ते ३५० मिलिग्रॅम देतात. सरळ गुणाकार केला तर ६० किलोच्या माणसाला ३०० च्या हिशेबाने १८ ग्रॅम होतात, ते विषच. पण लहान प्राणी औषध भराभर संपवतो. औषधशास्त्रात उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण सहाने भागतात. मग उत्तर येतं सुमारे ३ ग्रॅम. आमवातासाठी पूर्वी दिल्या जाणाऱ्या रोजच्या मात्रेपासून हा आकडा फार लांब नाही.

सिस्प्लॅटिन आणि टीबीच्या इंजेक्शनांचं काय? तेही उतरतं का?

बहुधा नाही. ही औषधं केसपेशी मारतात, आणि आपल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या उगवतात. हे १९८० च्या दशकात कळलं तेव्हापासून सस्तन प्राण्यांतही तसं घडवता येईल का, याचा शोध चालू आहे. २००२ मध्ये हॅमस्टरना सिस्प्लॅटिन देऊन केलेल्या कामात बाहेरच्या केसपेशी गेल्यावर मेंदूच्या बुंध्यातलं श्रवणाचं पहिलं ठाणं जास्त चेतलेलं आढळलं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. अमिकासिनच्या घराण्यातली इंजेक्शनं काही कुटुंबांत थोड्याच डोसांत कान घालवतात. तो दोष आईकडून मुलांत येतो. आजी, मावशी, मामा, मावसभाऊ यांपैकी कुणी इंजेक्शनांनंतर बहिरं झालं असेल, तर पहिला डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीतही आता भर गोळ्यांवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या सूचनांत कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन वापरू नका असं सांगितलं. तरीही डॉक्टरांनी अमिकासिन आवश्यक ठरवलं असेल तर ते टाळू नका. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक अंतराने कानाची तपासणी मागून घ्या.

मी मागावर काम करतो. गोंगाट आणि औषध एकत्र आलं तर?

अमिकासिनच्या घराण्याबद्दल उत्तर स्पष्ट आहे: गिनीपिगमध्ये इंजेक्शन आणि मोठा आवाज एकत्र आल्यावर नुकसान वाढलं. ती इंजेक्शनं चालू असताना आणि संपल्यावर काही आठवडे शेडपासून दूर राहता आलं तर राहा. मागाचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. कानात नुसता कापूस कोंबून तो अडत नाही. फोमचे इअरप्लग घ्या, ते स्वस्त असतात. घालायचे कसे ते मी दुकानातच दाखवतो: पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचे.

हे प्रयोग खात्रीचे आहेत का?

जॅस्ट्रेबॉफ यांची पद्धत वेळखाऊ आहे. २००६ पासून दुसरी सोपी चाचणी रूढ झाली. एकसारख्या आवाजात क्षणभर खंड पाडतात आणि लगेच मोठा धडाका करतात. खंड कळलेला उंदीर कमी दचकतो. कान वाजत असेल तर खंड भरून निघतो आणि उंदीर पुरता दचकतो, अशी कल्पना. पण कान वाजणाऱ्या माणसांवर तपासलं तेव्हा त्यांना तो खंड ऐकू येत होता. त्यामुळे नुसत्या या चाचणीवर उभा असलेला निष्कर्ष मी जपूनच वाचतो.

मुक्या जनावरांना झटके देणं तुम्हाला पटतं का?

सहज नाही. कॉलेजात पहिल्यांदा पांढरा उंदीर हातात धरला तेव्हाची त्याच्या छातीची धडधड अजून बोटांत आहे. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्याखाली संस्थेच्या नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय असे प्रयोग करता येत नाहीत. सॅलिसिलेटचा परिणाम दोन-तीन दिवसांत उतरतो, हे त्यातल्या त्यात समाधान. जे कळलं ते त्या जिवांच्या जोरावर कळलं, म्हणून ते अर्धवट किंवा फुगवून सांगू नये, एवढं मी पाळतो.

मग कान वाजण्यावर गोळी निघाली का?

नाही. खास यासाठी मंजूर झालेली एकही गोळी नाही. जाहिरातीतल्या बाटल्यांवर पैसे घालू नका. माझ्या दुकानातही त्या मिळतात, पण विचाराल तर मी नकोच म्हणेन. उपयोग होतो तो ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा, रात्री पंखा किंवा हलका आवाज चालू ठेवण्याचा, आणि आवाजाची भीती उतरवणाऱ्या समुपदेशनाचा. उंदरांना शांतता ओळखायला लावणाऱ्या त्याच जॅस्ट्रेबॉफ यांनी पुढे लंडनच्या जोनाथन हेझेल यांच्याबरोबर अशी उपचारपद्धत उभी केली. आवाज आणि भीती यांची सांधलेली तार सैल करायची, हा तिचा गाभा.

कान वाजायला लागले तर आधी काय करायचं?

गेल्या महिनाभरात घेतलेली सगळी औषधं एका पिशवीत घाला. शेजाऱ्याने दिलेली गोळी, गुडघेदुखीची पुडी, पोटातल्या जळजळीची बाटली, काहीही वगळू नका. पुष्कळ दुखण्याच्या औषधांत सॅलिसिलेट असतं आणि वेष्टनावर ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आवाज कोणत्या दिवशी सुरू झाला ते कागदावर लिहून पिशवीसकट डॉक्टरांकडे जा. एकाच कानात आवाज असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल किंवा अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी जा. अचानक गेलेलं ऐकणं परत मिळवायची संधी पहिल्या काही दिवसांतच असते.